पाण्याखालचा श्वास आणि वायूची झडप

स्वयंपाकघरांतील गॅसच्या सिलिंडरावर बसविलेला रेग्युलेटर ही घरांतील अत्यंत दुर्लक्षित वस्तु होय. चावी फिरविली, शेगडी पेटली, कीं त्याची आठवण संपते. परंतु त्या मुठीएवढ्या तबकडींत एक रबराचा पडदा, एक स्प्रिंग आणि एक लहानशी झडप असे तीन पहारेकरी सतत जागे असतात. सिलिंडर नुकताच भरलेला असो वा संपत आलेला असो, शेगडीला मिळणारा वायूचा दाब जवळजवळ सारखाच राहतो, तो या तिघांच्या परस्परांशीं चाललेल्या ओढाताणीमुळें. वायु जास्त आला कीं पडदा फुगतो आणि झडप मिटते. वायु कमी झाला कीं स्प्रिंग पडद्याला रेटते आणि झडप उघडते. यांत कोणतीहि जादू नाहीं. सारा तराजूचा न्याय आहे.

आतां अशी कल्पना करावी, कीं अशीच एक झडप शेगडीऐवजीं माणसाच्या फुप्फुसांना वायु पुरविण्याच्या कामीं लावली आहे, आणि तीहि समुद्राच्या पोटांत. ही केवळ कल्पना नव्हे. गेल्या सुमारें दीडशें वर्षांत अनेक धाडसी माणसांनीं हा उद्योग केला आहे, आणि आजहि युरोप-अमेरिकेंतील कित्येक हौशी पाणबुडे आपलें श्वसनयंत्र घरच्या घरीं जुळवितांना तयार झडपांत फेरफार करीत असतात. एका कामासाठीं घडविलेली झडप दुसऱ्या कामाला लावतांना तिच्यांत कोणता बदल करावा लागतो, आणि तो चुकला तर काय होतें, हें समजून घेण्यासारखें आहे. कारण शेगडीची झडप गळूं लागली तर वायूंत मुद्दाम मिसळलेल्या दुर्गंधानें सारें घर सावध होतें. श्वासाची झडप बिघडली तर मात्र माणसाला बहुधा कसलीच सूचना मिळत नाहीं.

प्रथम श्वासाचा हिशेब पाहूं. आपण जी हवा आंत घेतों तिच्यांत शेंकडा २१ भाग प्राणवायु, म्हणजे ऑक्सिजन असतो; बाकीचा बहुतेक भाग नत्रवायूचा, म्हणजे नायट्रोजनचा असतो. बाहेर टाकलेल्या हवेंत प्राणवायु शेंकडा सुमारें १६ ते १७ उरतो, आणि शेंकडा सुमारें ४ भाग कर्बाम्ल वायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तिच्यांत आलेला असतो. याचा अर्थ असा, कीं आंत घेतलेल्या प्राणवायूपैकीं जेमतेम चवथा हिस्सा शरीराच्या उपयोगी पडतो आणि तीन हिस्से परत जातात. जमिनीवर या उधळपट्टीची कोणी पर्वा करीत नाहीं. हवेचा साठा अमर्याद आहे.

पाण्याखालीं गोष्ट निराळी होते. दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरांवर एकूण दाब जमिनीवरच्या चौपट होतो, आणि तेथें छाती भरून घेतलेल्या एका श्वासांत चौपट हवा मावते. शरीराची प्राणवायूची गरज मात्र खोलीबरोबर वाढत नाहीं. स्वस्थ बसलेल्या माणसाला दर मिनिटास पाव लिटराहून थोडा अधिक, बेतानें पोहणाऱ्यास सुमारें एक लिटर, आणि जिवाच्या आकांतानें धडपडणाऱ्यास अडीच-तीन लिटर प्राणवायु लागतो. मग तो पृष्ठभागावर असो कीं तळाशीं असो. म्हणून पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून ३० मीटरांवर पोहणारा पाणबुड्या घेतलेल्या प्राणवायूचा केवळ सोळावा हिस्सा वापरतो, आणि उरलेला बुडबुड्यांच्या रूपानें सोडून देतो.

या बुडबुड्यांतच पुनःश्वसन यंत्राची, म्हणजे रीब्रीदरची, कल्पना जन्मास आली. टाकलेला श्वास फेंकून न देतां एका पिशवींत धरावा; वाटेंत तो चुन्याच्या दाण्यांतून गाळून त्यांतील कर्बाम्ल वायु काढून टाकावा; शरीरानें खर्चिलेला प्राणवायु तेवढा एका लहान सिलिंडरांतून भरून काढावा; आणि तोच श्वास पुन्हां आंत घ्यावा. तोंडाशीं दोन एकमार्गी झडपा असतात. भात्याच्या आंत चामड्याचें पान जसें हवेला एकाच दिशेनें वाट देतें, तशीं हीं रबराचीं पानें श्वासाला सदैव एकाच वाटेनें फिरवितात. या सर्व रचनेंत सर्वांत नाजूक जागा एकच, आणि ती म्हणजे प्राणवायूची झडप. शरीरानें जेवढें घेतलें तेवढेंच, कमी नाहीं आणि फार जास्तहि नाहीं, असें मोजून देण्याचें काम तिच्याकडे आहे.

असें उपयोगी यंत्र प्रथम तयार केलें तें हेन्री फ्लूस या इंग्रज गृहस्थानें. पूर्वाश्रमीं तो व्यापारी जहाजावरील खलाशी होता. १८७८ सालीं त्यानें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. रबराचा मुखवटा, श्वासाची पिशवी, तांब्याच्या भांड्यांत दाबून भरलेला प्राणवायु, आणि कर्बाम्ल वायु शोषून घेण्यासाठीं कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणांत भिजविलेले दोरखंडाचे धागे, एवढीच त्याची सामुग्री होती. १८७९ सालीं तो एका पाण्याच्या टांकींत तासभर बसून राहिला, आणि पुढें उघड्या पाण्यांत सुमारें १८ फुटांपर्यंत उतरला.

यंत्राची खरी परीक्षा लवकरच झाली. इंग्लंड आणि वेल्स यांच्यामध्यें सेव्हर्न नदीच्या मुखाखालून रेल्वेचा बोगदा खणण्याचें काम १८७३ पासून चालूं होतें. १८७९ च्या ऑक्टोबरांत जमिनीच्या बाजूनें एक प्रचंड झरा फुटला आणि बोगद्यांत पाणी भरलें. तें आवरावयाचें तर बोगद्याच्या आंत सुमारें १००० फुटांवर उघडें राहिलेलें एक लोखंडी दार बंद करणें अवश्य होतें. अलेक्झांडर लॅम्बर्ट नांवाचा निधड्या छातीचा पाणबुड्या नेहमींच्या पोशाखानें आंत शिरला. परंतु वरून हवा आणणारी लांबच लांब नळी ओढतां ओढतां तो थकला आणि परतला. १८८० च्या नोव्हेंबरांत तोच लॅम्बर्ट फ्लूसचें यंत्र पाठीवर घेऊन, नळीवांचून, गडद अंधारांत चांचपडत त्या दारापर्यंत पोंचला, दाराच्या आड आलेला रूळ त्यानें उपटून काढला, आणि दार लावून तो जिवंत परत आला.

या हकीकतीस एक उपकथा जोडलेली आहे. दाराबरोबरच पाण्याची एक झडपहि त्याला बंद करावयाची होती. सांगितल्याप्रमाणें त्यानें तिची चावी फिरविली. पाणी उपसल्यावर असें आढळून आलें, कीं त्या झडपेचे आटे उलटे होते. ती आधींच बंद होती, आणि बंद करतों आहों अशा समजुतीनें लॅम्बर्टनें ती पुरती उघडली होती. सुदैवानें दार लागल्यामुळें पंपांना पाणी आवरलें, आणि १८८६ सालीं बोगदा पुरा झाला. परंतु झडप बाहेरून पाहून ती आंत काय करीत आहे हें सांगतां येत नाहीं, हा धडा पाण्याखालच्या यंत्रविद्येला अगदीं आरंभींच मिळाला.

ज्या १८७८ सालीं फ्लूसनें पेटंट घेतलें, त्याच सालीं फ्रान्समध्यें पॉल बेर या शास्त्रज्ञाचा हवेच्या दाबावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शुद्ध प्राणवायु दाबाखालीं घेतला तर तो मज्जासंस्थेला विषासारखा बाधतो आणि प्राण्याला आंचके येतात, असें त्यानें प्रयोगांनीं दाखवून दिलें. ज्याच्यावांचून क्षणभर चालत नाहीं, तोच पदार्थ प्रमाणाबाहेर घातक ठरतो. परंतु ही गोष्ट ग्रंथांतून पाणबुड्यांच्या अंगवळणीं पडावयास फार काळ लागला, आणि मधल्या काळांत कित्येकांनीं ती स्वतःच्या देहावर शिकून घेतली.

त्यांपैकींच एक म्हणजे फ्रेंच नौदलांतील अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं त्यानें आपल्या जहाजावरील तोफखान्याच्या कारागिराकडून एक पुनःश्वसन यंत्र बनवून घेतलें. विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्याचा डबा, त्यांत सोडा लाइमचे दाणे, प्राणवायूची एक लहान बाटली, आणि मोटारसायकलच्या ट्यूबचा एक तुकडा, अशा सामानांतून तें जुळविलें होतें. प्राणवायु ४५ फुटांपर्यंत निर्धोक आहे अशी त्याची समजूत होती. त्या खोलीवर त्याचे ओंठ थरथरूं लागले, पाठ धनुष्यासारखी वांकली, आणि शुद्ध जातां जातां कमरेचें वजन सोडून दिल्यामुळेंच तो वर आला. यंत्र सुधारून त्यानें पुन्हां प्रयत्न केला, आणि पुन्हां त्याच खोलीवर त्याला आंचके आले. ही हकीकत त्यानें पुढें स्वतःच लिहून ठेवली आहे.

आजच्या माहितीप्रमाणें यांतील चूक उघड आहे. ४५ फुटांवर शुद्ध प्राणवायूचा दाब २.३ वातावरणांहून अधिक होतो. आज तो १.६ च्या वर जाऊं देऊं नये असें मानतात, आणि काम करतांना १.३ ते १.४ एवढाच ठेवतात. शुद्ध प्राणवायूच्या बाबतींत १.६ ही मर्यादा अवघ्या ६ मीटरांवर, म्हणजे सुमारें २० फुटांवर, गांठली जाते. महायुद्धाच्या काळांत ब्रिटिश नौदलासाठीं केनेथ डोनल्ड यानें स्वयंसेवकांवर पुष्कळ प्रयोग केले. त्यांवरून असेंहि दिसून आलें, कीं ही सहनशक्ति माणसागणिक निराळी असते, आणि त्याच माणसाची ती आज एक तर उद्यां दुसरी असते. कालपर्यंत कांहीं झालें नाहीं, हा येथें पुरावा होऊं शकत नाहीं.

कुस्तोनें मग प्राणवायूचा नाद सोडला आणि दाबून भरलेल्या साध्या हवेकडे तो वळला. त्याला हवी होती अशी झडप, कीं जी मागतांच हवा देईल आणि न मागतां देणार नाहीं. १९४२ च्या अखेरीस पॅरिसमध्यें एमिल गान्यां या इंजिनियराशीं त्याची गांठ पडली. युद्धामुळें पेट्रोल मिळेनासें झालें होतें, आणि मोटारी स्वयंपाकाच्या गॅसवर चालविण्यासाठीं गान्यांनें एक स्वयंचलित झडप तयार केली होती. इंजिन जेवढा वायु ओढील तेवढाच ती देत असे. इंजिनाच्या जागीं माणूस आला, आणि थोड्या फेरफारानें पाणबुड्याची झडप सिद्ध झाली.

तरी पहिली परीक्षा फसलीच. १९४३ च्या जानेवारींत मार्न नदींत कुस्तो उतरला, तेव्हां तो आडवा असतांना श्वास व्यवस्थित चाले. उभा राहतांच हवा भसभसा वायां जाई. आणि डोकें खालीं करतांच श्वास ओढतां ओढतां जीव कासावीस होई. कारण शोधतां असें दिसून आलें, कीं श्वास सोडण्याची नळी आणि हवा देणारा पडदा यांच्यांत कांहीं इंचांचें अंतर होतें. पाण्यांत वर-खालीं एवढें अंतर पडलें तरी दोन ठिकाणच्या दाबांत फरक पडतो, आणि झडपेला तो फरक म्हणजे हुकूमच वाटतो. दोन्ही टोकें एकमेकांजवळ आणून ठेवतांच दोष नाहींसा झाला. त्याच वर्षींच्या जूनमध्यें तें यंत्र समुद्रांत उत्तम चाललें. मोटारींत जी झडप निर्दोष होती, ती पाण्यांत सदोष ठरली. कारण मोटारीच्या भोंवतीं हवा होती, आणि येथें पाणी हा एक नवा भिडू खेळांत आला होता.

हाच भिडू आज घरीं यंत्र जुळविणाऱ्यांनाहि गांठतो. साध्या पाणबुड्याच्या सिलिंडरावर जी पहिली झडप असते, ती २०० वातावरणांचा दाब उतरवून सुमारें १० वातावरणांवर आणते. तिच्या पडद्याच्या एका अंगास वायु असतो. दुसऱ्या अंगास स्प्रिंग असते, आणि मुद्दाम ठेवलेल्या छिद्रांतून आलेला पाण्याचा दाबहि तेथेंच पडद्यावर पडतो. त्यामुळें वायूचा दाब स्प्रिंग आणि पाणी या दोघांच्या बेरजेइतका राहतो. पृष्ठभागावर स्प्रिंगचे १० आणि वातावरणाचा १ मिळून ११. तर ३० मीटरांवर १० आणि ४ मिळून १४. साध्या पाणबुड्याला हें हवेंच असतें. जसजसा तो खोल जाईल तसतशी अधिक दाट हवा त्याच्या तोंडाशीं पोंचली पाहिजे.

पुनःश्वसन यंत्राची गरज याच्या नेमकी उलट आहे. शरीराची प्राणवायूची मागणी खोलीबरोबर वाढत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. म्हणून या यंत्राच्या साध्या प्रकारांत पहिल्या झडपेच्या पुढें एक केंसासारखें सूक्ष्म छिद्र बसवितात, आणि त्यांतून मिनिटास ठराविक प्राणवायु सतत पिशवींत येत राहील अशी व्यवस्था करतात. येथें निसर्गाचा एक सुंदर नियम उपयोगी पडतो. छिद्रामागचा दाब छिद्रापुढच्या दाबाच्या सुमारें दुप्पट किंवा त्याहून अधिक असेल, तर वायु त्या छिद्रांत ध्वनीच्या वेगानें वाहतो. दाबाची वार्ताहि ध्वनीच्याच वेगानें प्रवास करिते. त्यामुळें पुढें दाब किती आहे याची वार्ता प्रवाहाच्या उलट मागें पोंचूंच शकत नाहीं, आणि प्रवाह केवळ मागच्या दाबावर अवलंबून राहतो.

मग मागचा दाब स्थिर ठेवला कीं काम झालें. परंतु साधी झडप तशीच लावली तर मागचा दाब ११ चा १४ होतो, आणि पृष्ठभागावर मिनिटास ०.८ लिटर ठरविलेला प्रवाह ३० मीटरांवर एक लिटराच्या वर जातो. त्यावर उपाय म्हणून पाण्याचा दाब आंत आणणारें छिद्र कायमचें बंद करतात. पडद्यामागें मग स्प्रिंग आणि कोंडलेली एक वातावरणाची हवा एवढींच उरतात. पाणी कितीहि खोल असलें तरी झडपेला त्याचा पत्ता लागत नाहीं, आणि मागचा दाब ११ चा ११ च राहतो. फेरफार एवढाच, परंतु त्यानें झडपेचा स्वभाव पालटतो.

स्वभाव पालटला म्हणजे नव्या मर्यादाहि आल्या. मागचा दाब ११ असेल तर पुढचा दाब त्याच्या निम्मा, म्हणजे साडेपांच, होईपर्यंतच वरील नियम भरंवशाचा राहतो. हें सुमारें ४५ मीटरांवर घडतें. त्याखालीं प्रवाह हळूहळू घटूं लागतो, आणि १०० मीटरांवर दोन्हीकडचा दाब सारखा होऊन तो पूर्णपणें थांबतो. दुसरें असें, कीं पहिली झडप थोडी झिरपूं लागली तर साध्या यंत्रांत जादा दाब तोंडाजवळच्या दुसऱ्या झडपेंतून आपोआप निघून जातो. ती दुसरी झडप येथें नाहीं. म्हणून प्रेशर कुकरला असते तशी जादा दाब सोडून देणारी एक संरक्षक झडप निराळी बसवावी लागते. तिसरें असें, कीं फेरफार केलेली आणि न केलेली अशा दोन झडपा बाहेरून जुळ्या भावांसारख्या दिसतात. बदललेली झडप चुकून साध्या हवेच्या सिलिंडरावर गेली, तर पाणबुड्याला ती खोलीवर नेमक्या गरजेच्या वेळीं दगा देईल. म्हणून तिच्यावर ठळक खूण असलीच पाहिजे. लॅम्बर्टच्या उलट्या आट्यांची आठवण येथें व्हावी.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. झडपेनें कमी दिलें तर काय होतें? आपल्याला गुदमरल्यासारखें वाटतें तें प्राणवायु कमी पडल्यामुळें, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली या दोन संशोधकांनीं १९०५ सालीं असें दाखविलें, कीं श्वासाचें नियमन मुख्यतः शरीरांत सांचणाऱ्या कर्बाम्ल वायूवरून होतें. तो वाढला कीं जीव घाबरा होतो. पुनःश्वसन यंत्रांत तर चुना हा वायु शोषून घेतच असतो. म्हणजे गजर वाजविणाराच काढून टाकला जातो. प्राणवायु संपत आला तरी पिशवी नत्रवायूनें भरलेली असते, श्वास सुखानें चालतो, मनाला स्वस्थ वाटतें, आणि दिवा मालवावा तशी शुद्ध जाते.

याचें गणित शाळेंतल्या मुलालाहि करतां येईल. पिशवी, नळ्या आणि फुप्फुसें मिळून ६ लिटर साधी हवा आहे असें धरूं. तिच्यांत प्राणवायु सव्वा लिटर. सिलिंडराची चावी उघडावयाची राहून गेली, आणि पाणबुड्या मिनिटास एक लिटर प्राणवायु खर्चीत पोहूं लागला. चाळीस सेकंदांत सुमारें दोन-तृतीयांश लिटर संपतो, आणि श्वासांतील प्राणवायु शेंकडा ११ वर येतो. एवढ्यावर माणूस शुद्धीवर राहील याचा भरंवसा नाहीं. पिशवी मात्र जेमतेम दहाव्या हिश्श्यानें आकसलेली असते, आणि ती त्याच्या लक्षांतहि येत नाहीं.

खोलीवर हाच धोका आणखी कपटी रूप घेतो. २० मीटरांवर एकूण दाब ३ वातावरणें असतो. तेथें श्वासांत शेंकडा १० च प्राणवायु उरला असेल, तरी त्याचा दाब ०.३ होतो, म्हणजे घरांतल्या हवेपेक्षांहि जास्त. पाणबुड्याला सर्व ठीक वाटतें. तो वर निघतो. पाण्याचा भार कमी होत जातो तसा प्राणवायूचा दाबहि उतरतो: ५ मीटरांवर ०.१५, आणि पृष्ठभागावर ०.१. सुरक्षिततेची खालची सीमा सुमारें ०.१६ मानतात. म्हणजे खालीं काम करीत असतांना जो सुखरूप होता, तो सूर्याचा उजेड डोक्यावर दिसूं लागल्यावर, शेवटच्या पांच-सहा मीटरांत बेशुद्ध पडतो.

जास्त दिल्याचे परिणाम कुस्तोच्या हकीकतींत आलेच आहेत. म्हणून मुरलेले लोक छिद्रांतील अखंड प्रवाह पाणबुड्याच्या नेहमींच्या खर्चापेक्षां थोडा कमीच ठेवतात, आणि उरलेला प्राणवायु बटन दाबून हातानें घालतात. त्यामुळें नजर सतत मापकावर ठेवणें भागच पडतें. पिशवींतील प्राणवायूचा दाब मोजणारे लहान विद्युत्-घट या यंत्रांत बसवितात, आणि तेहि सहसा तीन. कारण दोघांत मतभेद झाला तर खरें कोणाचें हें तिसऱ्यावांचून ठरत नाहीं. अधिक महाग यंत्रांत या घटांच्या सांगण्यावरून विजेवर चालणारी झडप आपोआप उघडमीट करिते. तरीहि हे घट जुने होऊन खोटें सांगूं लागतात, हें विसरून चालत नाहीं.

एक धोका पाण्याबाहेरचाहि आहे. दाबलेल्या प्राणवायूंत तेल, वंगण, धूळ हीं सर्व इंधनें होतात. सिलिंडराची चावी झटक्यानें उघडली, तर झडपेच्या अरुंद जागेंत वायु एकदम दाबला जाऊन कित्येक शें अंश तापतो. सायकलचा पंप मारतांना तो गरम होतो, त्याचेंच हें उग्र रूप होय. तेथें वंगणाचा डाग असेल तर झडप आंतून पेट घेते. म्हणून हवेसाठीं वापरलेली झडप प्राणवायूला लावण्यापूर्वीं तिचा प्रत्येक भाग सुटा करून, धुवून, तेलाचा अंशहि न ठेवतां जुळवावा लागतो; वायसरें आणि वंगण प्राणवायूला चालणारेंच घ्यावें लागतें; आणि चावी नेहमीं सावकाश उघडावी लागते. तोंडाजवळच्या रबरी पानांचीहि हीच कथा. त्यांतील एक पान जरी दुमडून राहिलें, तरी टाकलेला श्वास चुन्याकडे न जातां परत छातींत येतो, आणि कर्बाम्ल वायु सांचून डोकें भ्रमिष्ट होतें.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, कीं मग हा उद्योग करावाच कशाला? त्याचें उत्तर या यंत्राच्या गुणांत आहे. बुडबुडे नसल्यामुळें मासे बुजत नाहींत. थोड्या वायूवर तासन् तास राहतां येतें. लांब, पाण्यानें भरलेल्या गुहांचा शोध त्यामुळेंच लागूं शकतो. यंत्र स्वतः जुळविणारा माणूस त्याचा प्रत्येक आटा ओळखतो, हाहि लाभ लहान नाहीं. परंतु ओळख असणें आणि खात्री करून घेणें यांत अंतर आहे, आणि तें अंतर नियमित तपासणीनेंच भरून निघतें. जाणते लोक पाण्यांत शिरण्यापूर्वीं दर वेळीं छिद्राचा प्रवाह मापकावर मोजतात. तो कालचाच असेल असें गृहीत धरीत नाहींत. रबरी पानें एकेक करून तोंडानें तपासतात. साध्या हवेचा एक स्वतंत्र सिलिंडर, त्याच्या न बदललेल्या झडपेसह, जवळ बाळगतात, आणि शंका येतांच यंत्र सोडून त्यावर जातात. शास्त्रशुद्ध शिक्षण घेतल्यावांचून आणि अनुभवी माणसाची नजर फिरल्यावांचून अशा झडपेवर आपला जीव टांगूं नये, हें तर सांगावयासच नको.

पाण्यांत उतरण्यापूर्वींचा त्यांचा शेवटचा विधि साधा आहे. पाणबुड्या कांठावर किंवा नावेंत बसतो, मुखनळी तोंडांत धरतो, नाक बंद करतो, आणि मापकावर डोळे ठेवून सुमारें पांच मिनिटें नुसता श्वास घेतो. सोबती शेजारीं बसून त्याच्याकडे पाहत असतो. आंकडा उतरूं लागला तर जमिनीवरच उतरतो, आणि यंत्र परत खोक्यांत जातें. त्या दिवशींचें बुडणें रद्द होतें, मित्र थोडे खट्टू होतात, आणि संध्याकाळीं तो माणूस घरीं जेवावयास असतो.